सफोकची चर्चं: ब्लाइबरो आणि शेजारची चार गावं

शुक्रवार

इंग्लंडच्या पूर्वेकडच्या सफोकमध्ये, इप्सविचहून ए-१२ हमरस्त्याने उत्तरेकडे निघालं की पाऊण तासात रस्ता उतरणीला लागतो आणि समोर ब्लाइथ नदीचं रुंद पात्र उघडतं. भरती असली तर पाणीच पाणी, ओहोटी असली तर लांबवर राखाडी चिखल आणि त्यात चोची खुपसत फिरणारे पक्षी. पूर्वी इथे बांध घालून कुरणं केली होती. विसाव्या शतकात बांध फुटले, ते पुन्हा कुणी बांधले नाहीत आणि समुद्राने आपली जागा परत घेतली. या पाण्याच्या काठावर, एका छोट्याशा गावात, अवाढव्य चर्च उभं आहे: ब्लाइबरोचं होली ट्रिनिटी. लोक त्याला ‘दलदलीतलं कॅथीड्रल’ म्हणतात.

दादा इप्सविचला नोकरी करतो. "दर वेळी गाडीतून बघतो गं, पण थांबणं काही होत नाही," म्हणाला. मेअखेरचा लाँग वीकेंड होता, म्हणून या वेळी थांबायचंच असं ठरवून निघालो.

एवढ्याशा गावाला एवढं मोठं चर्च का, हा प्रश्न इथे पोचल्या पोचल्या पडतो. उत्तर नदीत आहे. आज गाळाने भरलेल्या या नदीतून मध्ययुगात जहाजं थेट ब्लाइबरोपर्यंत येत. गावात बाजार भरे, मासळी आणि लोकरीचा व्यापार चाले. त्याच्याही आधीपासून हे ठिकाण महत्त्वाचं होतं. पलीकडच्या बुलकॅम्पच्या टेकडीवर ६५४ साली ईस्ट अँग्लिया या इथल्या जुन्या राज्याचा राजा ॲना मर्सियाचा राजा पेंडा याच्याशी लढताना मारला गेला आणि त्याला ब्लाइबरोत पुरलं, अशी जुनी परंपरा आहे. आठव्या शतकातली, देवमाशाच्या हाडाची, मेण भरून लिहायची एक पाटी या गावात सापडली. ती आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. म्हणजे जेव्हा इंग्लंडात फार थोड्या लोकांना लिहिता येत होतं, तेव्हा या चिखलाच्या काठावर कुणीतरी मेणावर अक्षरं गिरवत बसलं होतं.

बाराव्या शतकात एसेक्समधल्या सेंट ओसिथच्या मठाने इथे आपली छोटी शाखा काढली. चर्च या मठाच्या ताब्यात होतं. आजची इमारत मात्र पंधराव्या शतकातली. १४१२मध्ये वेदीकडचा भाग नव्याने बांधायला परवानगी मिळाली आणि पुढे काही दशकं काम चालू राहिलं. इंग्लंडातली जुनी रीत अशी, की वेदीकडच्या भागाची देखभाल रेक्टरने, म्हणजे चर्चचं उत्पन्न ज्याला मिळे त्याने करायची आणि लोक बसतात ते मुख्य दालन पॅरिशने, म्हणजे गावाने सांभाळायचं. गावातर्फे हिशेब ठेवणारे चर्चवॉर्डन असत. आपल्याकडच्या देवस्थानच्या पंचांसारखेच ते, गावातलेच, गावाने निवडलेले. मरताना लोक मृत्युपत्रात चर्चच्या कामासाठी पैसे ठेवत. गावचे जमीनदार हॉप्टन घराण्यातले. १४७८मध्ये वारलेल्या जॉन हॉप्टनची संगमरवरी कबर वेदीच्या बाजूला आहे.

आत जायच्या आधी पूर्वेकडच्या भिंतीला वळसा घालायलाच हवा. सफोकमध्ये बांधकामाला चांगला दगड निघत नाही. मिळते ती चकमक. तिचे गोटे फोडून आतली काळी चकचकीत बाजू दर्शनी ठेवायची आणि बाहेरून आणलेल्या फिकट दगडाच्या चौकटीत बसवायची, ही इथल्या गवंड्यांची खास कला. पूर्वेच्या मोठ्या खिडकीखाली अशाच कामात मुकुट घातलेल्या अक्षरांची ओळ आहे. ती लॅटिन शब्दांची आद्याक्षरं आहेत आणि पवित्र त्रैक्य (होली ट्रिनिटी), मेरी, ॲन, कॅथरीन यांच्या सन्मानार्थ चर्च पुन्हा बांधलं असा त्यांचा अर्थ लावतात. मी एका अक्षरावर बोट फिरवून पाहिलं. सहाशे वर्षांनंतरही चकमक आणि दगड यांच्या सांध्यात नख जात नव्हतं.

दार ढकललं आणि आत पाऊल टाकलं तो उजेडच उजेड! वरच्या भिंतीत दोन्ही बाजूंना अठरा-अठरा खिडक्या, त्यांत बहुतेक साधी काच. खाली विटांची झिजलेली जमीन, फिकट झालेलं जुनं लाकूड. आणि वर छताच्या मध्यावर, प्रत्येक तुळईला पाठीला पाठ लावून बसवलेले देवदूत, पंख पूर्ण पसरलेले. वाशांवर अजून मूळ रंग टिकून आहे, पांढऱ्यावर लाल-हिरवी फुलं. सव्वाशे फुटांहून लांब हे छत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग जातं. मान मोडेपर्यंत बघत राहिलो. इतकं वर बघून चक्कर येणाऱ्यांनी सरळ बाकावर आडवं व्हावं. आम्ही तेच केलं आणि तिथल्या स्वयंसेवक बाईंनी हसून मान डोलावली.

आज देवदूत डझनभर आहेत. पूर्वी जास्त असावेत, कारण त्यांची नोंद एका अशा माणसाने करून ठेवली आहे जो त्यांना पाडायला आला होता. सतराव्या शतकात राजा आणि संसद यांच्यातल्या यादवी युद्धाच्या काळात संसदेच्या बाजूने चर्चमधल्या मूर्ती आणि चित्रं नष्ट करायचा हुकूम निघाला, आणि ते काम सफोकच्याच विल्यम डाउझिंगकडे आलं. त्याने जाईल तिथली रोजनिशी ठेवली. एप्रिल १६४४मध्ये तो ब्लाइबरोला आला. वीस देवदूत उतरवायचे, दोनशेहून जास्त चित्रं आठ दिवसांत काढायची, असा हुकूम सोडून पुढच्या गावी गेला. रंगीत काचा बऱ्याच गेल्या. देवदूत राहिले. एवढ्या उंचीवर परांची बांधायची, माणसं लावायची, त्याचे पैसे कोण देणार? माझ्या मते खर्चाचं हे साधं गणितच त्यांना वाचवून गेलं. गावकऱ्यांनी मुद्दामही चालढकल केली असेल, तशी माणसं प्रत्येक काळात असतात.

देवदूतांच्या लाकडात बंदुकीचे छर्रे रुतलेले आहेत. डाउझिंगच्या माणसांनी खालून गोळ्या झाडल्या अशी कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. पण छर्रे तपासले तेव्हा ते अठराव्या शतकातले निघाले, आणि चर्चवॉर्डनांच्या १७६१च्या हिशेबात छतात घरटी करणाऱ्या जॅकडॉ पाखरांना मारण्यासाठी दिलेल्या पैशांची नोंदही आहे. दोष बिचाऱ्या पाखरांचा! मला ही हिशेबातली ओळ त्या दंतकथेपेक्षा जास्त आवडली. खरं गाव तिथे दिसतं.

दुसरी दंतकथा उत्तरेकडच्या दाराची. ४ ऑगस्ट १५७७, रविवार, प्रार्थना चालू असताना भयंकर वादळ झालं, वीज पडली, माणसं दगावली. मनोऱ्याचं टोकदार शिखर छत फोडून आत कोसळलं असं सांगतात. त्याच दिवशी बंगे गावच्या चर्चमध्येही असाच प्रकार घडला आणि लगेच छापलेल्या एका पत्रकात त्याचं खापर काळ्या कुत्र्याच्या रूपात आलेल्या सैतानावर फोडलं गेलं. ईस्ट अँग्लियात हा कुत्रा ‘ब्लॅक शक’ म्हणून प्रसिद्ध आहे. दारावर खरोखरच लांबट जळके डाग आहेत, बोट बसेल इतके खोल. कुत्र्याच्या नख्यांचे म्हणून ते दाखवतात. जवळून पाहिले तर मेणबत्तीच्या ज्योतीने पडावेत तसे वाटतात.

बाकांच्या टोकांवरची कोरीव चित्रं बघायला मात्र वेळ काढावा. सात महापापं तिथे लाकडात बसली आहेत. खादाड दोन्ही हातांनी सुटलेलं पोट धरून आहे. आळशी अंथरुणातच उठून बसलाय. चुगलखोराची जीभ तोंडाबाहेर आली आहे. ढोंगी हात जोडून प्रार्थना करतोय आणि डोळे टक्क उघडे! शेजारी पेरणी-कापणी करणारी माणसंही आहेत. कोरणाऱ्याने हे चेहरे बाजारात रोज पाहिलेले असणार, एवढे ते ओळखीचे वाटतात.

१६८२चा लाकडी घड्याळवीरही, म्हणजे तास ठोकायचा पुतळाही, इथे आहे. तो हातातल्या हातोडीने घंटा ठोकतो. आणि काही जुने बाक आहेत, ते एकेकाळी हॉप्टन घराण्याच्या दालनात शाळेसाठी वापरत. शाईच्या दौतींची भोकं अजून दिसतात. एका बाकावर मुलाने नाव कोरलंय: डर्क लोवरसन व्हान स्टॉकहोम, १६६५, वय १२. परदेशी नावाचा हा पोरगा या सफोकच्या खेड्यात वर्गात बसून कोरत होता. दादाने ती अक्षरं मोबाइलच्या टॉर्चमध्ये शोधून काढली.

मठ १५३७मध्ये आठव्या हेन्रीच्या काळात बंद झाला. नदी गाळाने भरत गेली, जहाजं मोठी झाली आणि ब्लाइबरोला येईनाशी झाली. गाव लहान होत गेलं, चर्च तेवढंच राहिलं. खिडक्या विटांनी बुजवल्या, छतातून पाणी गळू लागलं, पावसात लोक छत्र्या उघडून प्रार्थनेला बसत अशी आठवण सांगतात. शेवटी १८८१मध्ये बिशपांनी इमारत धोकादायक म्हणून बंद केली. त्याच सुमारास, १८७७मध्ये, कवी आणि कलाकार विल्यम मॉरिसने जुन्या इमारती वाचवायची संस्था काढली होती. तिचं म्हणणं साधं होतं: दुरुस्त करा, पण नव्यासारखं करू नका. त्या काळात श्रीमंत पॅरिश जुनी लाकडं खरवडून, चकचकीत फरशा घालून, रंगीत काचा बसवून चर्चं ‘मध्ययुगीन’ करून घेत होते. ब्लाइबरोकडे तेवढे पैसे नव्हते आणि संस्थेचा पाठपुरावा होता, म्हणून मध्ययुगातला रंग छतावर राहिला. जुन्या देवळांच्या कोरीव खांबांना ऑइलपेंट फासलेला आणि दगडी फरसबंदीवर गुळगुळीत टाइल्स बसवलेल्या मी आपल्याकडे कितीतरी ठिकाणी पाहिल्या आहेत. पैसा आला की आधी जुन्यावर हात पडतो. म्हणून त्या रंग उडालेल्या वाशांखाली उभं राहून मला मनापासून कृतज्ञ वाटलं.

संध्याकाळी गावाबाहेरच्या ‘टोबीज वॉक्स’ नावाच्या माळावर गेलो. टोबायस गिल हा घोडदळातला कृष्णवर्णीय ढोलवादक. १७५०मध्ये एका स्थानिक मुलीच्या मृत्यूबद्दल त्याला फाशी दिली आणि प्रेत साखळ्यांत लटकवून ठेवलं. मुलीचा खून खरंच त्याने केला का, याबद्दल आज शंका घेतली जाते. परक्या रंगाचा, दारू प्यायलेला सैनिक. त्याची बाजू ऐकून घ्यायला किती जण तयार असतील? माळावर हेदरची झुडपं आहेत, पाइनची झाडं आहेत, सहलीला आलेली कुटुंबं आहेत. त्याचं नाव तेवढं जागेला चिकटून राहिलंय.

शनिवार

नदीच्या मुखाशी वॉल्बर्स्विक. दुरूनच चर्चचा उंच मनोरा दिसतो आणि जवळ गेल्यावर कळतं की मनोऱ्यामागे बरंचसं आकाशच आहे. उघड्या खिडक्या, छत नसलेल्या भिंती, आणि एका कोपऱ्यात वापरातलं छोटं चर्च.

या मनोऱ्याचा १४२६चा करारनामा शिल्लक आहे आणि तो वाचताना गंमत वाटते. डनिचचा रिचर्ड रसेल आणि ब्लाइबरोचा ॲडम पॉल हे दोघे गवंडी. दर यार्डाला चाळीस शिलिंग, दरसाल एक पिंप हेरिंग मासे, कामाच्या काळात प्रत्येकाला एक झगा, आणि राहायला-जेवायला-झोपायला चर्चजवळ घर. भिंती टनस्टॉलच्या मनोऱ्यासारख्या हव्यात, दार आणि खिडक्या हेल्सवर्थसारख्या, हेही त्यात लिहिलंय. काम मार्चअखेर ते सप्टेंबरअखेर एवढंच करायचं, कारण थंडीत चुना धरत नाही. म्हणजे ही गावं एकमेकांची चर्चं बघून आपली बांधत होती. शेजाऱ्याचा मनोरा बघून यायचा आणि गवंड्याला सांगायचं, तसा हवा!

त्या वेळी इथल्या होड्या मासेमारीला आइसलंडपर्यंत जात. पुढे मासळीचा धंदा बसला, बंदर गाळाने भरलं. १६९५मध्ये गावकऱ्यांनी अर्ज केला की एवढी इमारत आम्हाला झेपत नाही. परवानगी मिळाल्यावर छताचं शिसं, लाकूड, घंटा विकल्या आणि एका बाजूचा थोडा भाग प्रार्थनेपुरता ठेवला. बांधून पुरं होऊन दोनशे वर्षं जेमतेम झाली होती. त्यांना नावं ठेवायचं माझ्या मनात आलं नाही. घरी पोरं उपाशी असताना आजोबांनी बांधलेलं छत कोण शाकारणार?

नदीपार साउथवोल्डला जायला वल्ह्यांची होडी आहे. पाच मिनिटांत पलीकडे. साउथवोल्डच्या चर्चमध्येही एक घड्याळवीर आहे, पंधराव्या शतकातला, पूर्ण चिलखतात. गावात गर्दी फार, म्हणून तेवढा बघून परतलो. ब्लाइबरोवरून इथवर १८७९ ते १९२९ तीन फुटी रुळांची छोटी आगगाडी धावायची. तिच्या मार्गावर आता पायवाट आहे.

दुपारी डनिच. समुद्रकाठी फिश अँड चिप्स खाल्ले आणि जिथे शहर होतं त्या पाण्याकडे बघत बसलो. इथे खरोखर शहर होतं: बंदर, बाजार, अर्धा डझनाहून जास्त चर्चं. १०८६च्या डूम्सडे या सरकारी जमीन-नोंदीतच लिहिलंय की पूर्वी दोन नांगर जमीन होती, आता एकच, दुसरी समुद्राने नेली. १२८६ आणि १३२८च्या वादळांनी बंदराचं तोंड बुजवलं. ब्लाइथ नदीला उत्तरेला, वॉल्बर्स्विकजवळ, नवं मुख मिळालं आणि जकात कुणी घ्यायची यावरून या दोन गावांत पुढे दीर्घकाळ भांडण चाललं. एकेक करून चर्चं कड्यावरून खाली गेली. शेवटचं ऑल सेंट्स. ते अठराव्या शतकात सोडून दिलं होतं, १९०४पासून ढासळत गेलं आणि १९१९मध्ये मनोराही गेला. त्याचा एक आधारखांब आधीच हलवून आता सेंट जेम्स चर्चच्या आवारात उभा केलाय. विशेष म्हणजे १८३२पर्यंत हे जवळजवळ बुडालेलं गाव लंडनच्या संसदेत दोन सदस्य पाठवत होतं, आणि मतदार ३२!

साउथॅम्प्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी सोनार लावून समुद्रतळावरच्या भिंतींचे अवशेष मोजलेत. त्याचे नकाशे गावातल्या लहानशा संग्रहालयात आहेत. संग्रहालय चुकवू नका. नकाशावर रस्त्यांची नावं वाचून मग बाहेर येऊन लाटांकडे बघितलं, तेव्हा कुठे मला त्या नुकसानीचा आकार समजला.

रविवार

वेनस्टनचं सेंट पीटर्स चर्च लहान आहे. सकाळची प्रार्थना होईपर्यंत बाहेर थांबलो. आत भिंतीवर सुमारे १५००च्या आसपासचं, ओकच्या फळ्यांवर रंगवलेलं अंतिम निवाड्याचं चित्र आहे. धर्मसुधारणेच्या काळात त्यावर चुना फासला गेला आणि पुढे ते विसरलंच गेलं. १८९२मध्ये दुरुस्तीच्या वेळी फळ्या काढून आवारात टाकल्या. पाऊस पडला, चुना धुपला आणि रंग वर आले!

इंद्रधनुष्यावर बसलेला ख्रिस्त, देवदूताच्या हातात तराजू, आत्म्याचं वजन होताना शेजारी उभा सैतान. एका बाजूला संत पीटर काही जणांचं स्वागत करतोय. ती मंडळी पूर्ण नागवी, पण डोक्यावर राजमुकुट, बिशपची टोपी, कार्डिनलची टोपी शाबूत. दुसऱ्या बाजूला नरक म्हणजे माशाचं उघडं तोंड. मासळीवर जगणाऱ्या मुलखातल्या चित्रकाराला नरक माशाच्या रूपातच सुचणार. मधोमध तीन रिकाम्या जागा आहेत, क्रूस आणि दोन मूर्ती तिथे होत्या. मूर्ती काढल्या तेव्हा त्यांच्यामागचं कोरं लाकूड तसंच राहिलं. चित्रापेक्षा मला त्या कोऱ्या आकारांपाशी जास्त वेळ थांबावंसं वाटलं.

शेवटचं गाव कोव्हहाइथ. शेतातून जाणारा अरुंद रस्ता, पलीकडे डुकरांचे वाडे, आणि एकदम समोर प्रचंड उघड्या कमानी. सेंट अँड्र्यूजही पंधराव्या शतकातलंच. यादवीनंतर गावाला ते सांभाळणं अशक्य झालं. १६७२मध्ये त्यांनी जुन्याचंच सामान वापरून त्याच भिंतींच्या आत गवती छपराचं छोटं चर्च बांधलं. जुना मनोरा ठेवला, तो समुद्रावरच्या खलाशांना खूण म्हणून उपयोगी पडे. मोठ्या चर्चच्या पोटात हे लहान चर्च इतकं नीट बसलंय, की दादा म्हणाला, "यांनी सोडलं नाही गं, फक्त आवरतं घेतलं."

चर्चपासून थोडं चाललं की डांबरी रस्ता कुंपणाशी संपतो. पुढे कडा. इथला किनारा दरवर्षी काही मीटरने मागे सरकतो. रस्त्याचं तुटलेलं डांबर कड्याच्या तोंडाशी लोंबकळताना दिसतं.

पाचही पॅरिश एकाच किनारपट्टीच्या आसपासचे, एकाच नदी-समुद्राच्या भरवशावर जगलेले. म्हणून जाणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच, की क्रम आमच्या उलटा ठेवा. आधी कोव्हहाइथ, मग डनिच आणि वॉल्बर्स्विक, वेनस्टन वाटेत, आणि ब्लाइबरो सगळ्यांत शेवटी. छत विकलेलं, छत आवरतं घेतलेलं आणि छत समुद्रात गेलेलं पाहून मग त्या देवदूतांखाली उभं राहा. गाडी नसेल तर लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीटहून इप्सविच, तिथून ईस्ट सफोकच्या गाडीने डार्शम किंवा हेल्सवर्थ, आणि पुढे टॅक्सी आधी ठरवून ठेवावी. ब्लाइबरोला दानपेटी दारापाशीच आहे. तिच्यात काहीतरी टाकाच, कारण त्या छताचा खर्च अजूनही मुख्यतः गावालाच उचलावा लागतो.